येमेनचं पहिलं नाव कुणाचं, बिल्किसचं की अरवाचं?

गोफण (धागाकर्ती)
प्रसिद्ध येमेनी माणसांवर मराठीत काही वाचायला घेतलं की सुरुवात ठरलेली. शेबाची राणी बिल्किस, सॉलोमनच्या भेटीला निघालेला तिचा उंटांचा तांडा, सोनं, सुगंधी द्रव्यं. तिथून थेट उडी २०११ चं शांततेचं नोबेल मिळालेल्या तवक्कुल करमानवर. मधल्या काळात येमेनात जणू कुणी जन्मलंच नाही!

बिल्किसला यादीतल्या त्या पहिल्या जागेवरून उठवा, एवढंच माझं म्हणणं. बायबलात या राणीला नाव नाही, कुराणात नाही. बिल्किस हे नाव नंतरच्या अरबी परंपरेनं दिलेलं. इथिओपियात तिला माकेदा म्हणतात आणि ती आमचीच, असंही म्हणतात. सबाच्या, म्हणजे शेबाच्याच, राज्याचे इतके शिलालेख सापडले, त्यात राजे आहेत, राजधानी मारिबच्या धरणाच्या दुरुस्त्यासुद्धा आहेत. ही बाई मात्र कुठेच नाही.

तिथं येमेनची राणी अरवा अल-सुलैही बसवा. नवरा आजारानं अंथरुणाला खिळला तेव्हा कारभार हातात घेतला आणि तो गेल्यावरही ११३८ साली मरेपर्यंत सोडला नाही. म्हणजे जवळपास अर्धशतक. रझियाला दिल्लीत चारच वर्षं मिळाली, हे आठवा. शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनात, अरवाचं नाव घेतलं जाई. राजधानी तिनं सनाहून जिब्लाला हलवली, त्याची गोष्ट सांगतात ती अशी: सनाचे लोक जमवले तर सगळीकडे तलवारी आणि भाले दिसले, जिब्लाचे जमवले तर कुणी मेंढरू ओढत आणलेलं, कुणी तुपाचं भांडं. म्हणाली, राहायचं तर यांच्यात.

पैलतीर
असहमत. शिलालेखात नाही म्हणून काढा, हा नियम लावला तर आपल्याकडच्या किती नावांना नारळ द्यावा लागेल?

आणि तुमच्या अरवाला पुढं लोकांनी काय म्हटलं? 'धाकटी बिल्किस'. थोरलीच नसती तर धाकटी कुठून आली असती? हजार वर्षं एखादं नाव मापाला वापरलं जातं, तेव्हा ते नाव हाच इतिहास होतो.

अजून एक. अरवा इस्माइली पंथाची. उत्तरेतल्या झैदी या दुसऱ्या शिया पंथाच्या इमामांचं आणि तिच्या घराण्याचं हाडवैर. तिला सगळ्या येमेनची म्हणणं हे आपण लांबून केलेलं सोपं गणित आहे. बिल्किसवर कुठल्याच पंथाचा शिक्का नाही.

गोफण
'धाकटी बिल्किस' याचीच तर चीड आहे. खऱ्या बाईनं राज्य करायचं आणि मोठेपणा काल्पनिक बाईच्या मापानं मोजायचा!

पंथाचा मुद्दा मान्य. पण तिचा माग आजही चालू आहे, तोही मुंबईत. ११३० साली कैरोत इस्माइलींच्या खलिफा आमिरचा खून झाला, तेव्हा अरवानं त्याच्या तान्ह्या मुलाची, तय्यिबची बाजू घेतली आणि कैरोशी संबंध तोडले. त्यातून निघालेली दाईंची, म्हणजे धर्मप्रमुखांची, परंपरा चार शतकं येमेनात राहून सोळाव्या शतकात गुजरातेत आली. भेंडीबाजारातल्या दाऊदी बोहऱ्यांचं मूळ तिथं आहे. तिनं तेव्हा दुसरी बाजू घेतली असती तर? मारिबच्या दंतकथेचा असा एक धागा दाखवा.

दुपारची झोप
राणी की राणी, हाच वाद चाललाय. तिसरं कुणी नाहीच का?

कवी अब्दुल्ला अल-बरदूनी. १९२९ चा जन्म, खेड्यातला. लहानपणी देवी आल्या, डोळे गेले. इमामाच्या राजवटीत तुरुंग पाहिला, पुढं प्रजासत्ताक आलं तर त्याच्यावरही टीका करायला कचरला नाही. रचना जुनीच, कसीदा या अरबी काव्यप्रकाराची, आणि त्यात सांगायचं ते पार आजचं. १९७१ साली इराकमधल्या मोसुलच्या महोत्सवात हा आंधळा येमेनी उभा राहिला आणि जुना अरबी कवी अबू तम्मामच्या हजार वर्षांपूर्वीच्या विजयगीताला त्याच वृत्तात उत्तर देत अरबांच्या पराभवाचा पाढा वाचला. १९९९ मध्ये गेला. मराठीत याचं काही आलं असेल तर दुवा द्या, मी उपाशी आहे.

जुना पेठकर
थोडं अवांतर. येमेनातलं एडन म्हटलं की आमच्या पिढीला आधी वासुदेव बळवंत आठवतात. तिथल्याच तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ ला गेले. एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. (मुकेश अंबानींचा जन्मही एडनचाच. त्यांना यादीत घालू नका म्हणजे झालं.)

पैलतीर
मग अली अब्दुल्ला सालेहला का वगळता? कवी बरा, राणी बरी, आणि तेहतीस वर्षं सत्तेवर असलेला माणूस नको? १९७८ मध्ये उत्तर येमेनचा अध्यक्ष, १९९० ला दोन्ही येमेन एक झाल्यावर तोच. येमेन चालवणं म्हणजे सापांच्या डोक्यांवर नाचणं, हे त्याचंच बोलणं. ज्या हुथी बंडखोरांशी लढला त्यांच्याशीच पुढं हातमिळवणी केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्याच हातून मेला. सभ्य माणसांचीच यादी करायची असेल तर तिला सत्कार समारंभ म्हणा.

गोफण
घाला सालेहला. पहिलं नको, एवढंच.

गोदाकाठ
तुम्ही सगळे आजचा नकाशा समोर ठेवून भांडताय. येमेनच्या पूर्वेकडच्या हद्रमौतची निम्मी गोष्ट येमेनबाहेर घडली. परभणी, नांदेड, औरंगाबादकडं चाऊस आडनाव आहे ना, ते निजामाच्या फौजेत आलेल्या हद्रमी अरबांचे वंशज. त्यांच्यातलाच एक जमादार, उमर बिन अवद अल-कुऐती. हैदराबादेत पैसा नि वजन कमावलं, आणि त्याच्या घराण्यानं हद्रमौतचं मुकल्ला बंदर घेऊन १९६७ पर्यंत सुलतानकी केली. हा माणूस येमेनी धरायचा की दख्खनी? तुमच्या यादीत याला रकानाच नाही.

पैलतीर
हे माहीत नव्हतं. पण मग इंडोनेशियाचे एके काळचे परराष्ट्रमंत्री अली अलातासही हद्रमी वंशाचे. यादी कुठं थांबवणार?

गोदाकाठ
थांबवू नका की. काल शेजारच्या चाऊस चाचांना हा धागा वाचून दाखवला. विचारलं, बिल्किस का अरवा? चष्मा पुसत म्हणाले, "बेटा, अपन तो परभणीके."