अनुभव धागा : दुसरा मजला नेमका कुठला?

गेल्या महिन्यात आईला घेऊन नागपुरातल्या एका मोठ्या इस्पितळात गेलो होतो. ओपीडी खाली, एक्स-रे दुसऱ्या मजल्यावर. बाण बघत दुसरा मजला गाठला, तर पुढे भिंत. एक्स-रे होता नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, आणि आम्ही जुन्या. पुन्हा खाली, अंगण ओलांडून पलीकडच्या जिन्याने वर. अर्ध्या जिन्यात आई बसली न म्हणाली, "मशीनच खाली आण बाप्पा, मी इथंच आहो."

मी हौसेने ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून काढलेल्या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर, गल्लीबोळ काढतो. आता इमारतींच्या आतले रस्ते काढायचं मनात आहे. ज्यांनी असं काम केलंय, किंवा ज्यांना इमारतीनं फिरवलंय, त्यांनी लिहा. इमारतीचं नाव नको.

टेपवाली

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आम्ही तिघींनी कॉलेजची इमारत काढली, परवानगी घेऊन. खोल्या दोन दिवसांत झाल्या. जिन्यांनी आठवडा खाल्ला. वरून पाहिलं तर तळापासून गच्चीपर्यंतचे सगळे जिने एकाच जागी, एकावर एक, त्यामुळे स्क्रीनवर नुसता रेघांचा गुंता. मग प्रत्येक मजल्याचा जिना वेगळा काढला आणि त्याच्या लेव्हलमध्ये, म्हणजे मजला लिहायच्या रकान्यात, तो जोडतो ते मजले ०;१, १;२ असे लिहिले. तळमजला म्हणजे शून्य.

तरी रस्ता निघेना. तळमजल्यावरून लायब्ररी विचारली की रस्ता शोधणारं सॉफ्टवेअर गप्प. दोन रात्री गेल्या तेव्हा कळलं, जिन्याचं वरचं टोक आणि व्हरांड्याची रेघ एकमेकांना चिकटलेली दिसत होती, पण बिंदू दोन होते. डोळ्याला जोड, सॉफ्टवेअरला दरी. दोघांचा मिळून एकच बिंदू केला आणि लायब्ररी उघडली!

आणखी एक गंमत. आमची इमारत उतारावर आहे, मागच्या गेटनं आत शिरलं की माणूस थेट लेव्हल १ वर. ते दार काढायला आम्ही विसरलो होतो, रोज तिथूनच येत असून. आणि मागचा जिना शिपाईकाका पाचला कुलूप लावून बंद करतात. "नकाशात कुलूप दाखवता येते का बेटा?" येतं काका, वेळ लिहिता येते. लिहिली.

उन्हाळी

जीपीएसला छताखाली आकाश दिसत नाही, आणि दिसलं तरी उंचीत त्याची चूक जास्तच. म्हणून मजला ओळखायला मी फोनमधला बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर, वापरून पाहिला. एक मीटर वर गेलं की दाब साधारण ०.११ हेक्टोपास्कलने (हे दाब मोजायचं एकक) उतरतो, म्हणजे तीन मीटरच्या मजल्याला ०.३३. फोन एवढा फरक आरामात पकडतो. मी खूश.

मग मे महिन्यात दिवसभर फोन टेबलावर ठेवून नोंद घेतली. आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारला उतरलेला, फरक तीनेक हेक्टोपास्कलचा. हिशेब करा : खुर्चीतून न उठता मी आठ-नऊ मजले चढलो होतो. संध्याकाळी वावटळ सुटली तेव्हा तर आकडा भलतीकडेच. आता दारातून आत शिरताना शून्य करतो आणि मिनिटाभरात दाब किती बदलला तेवढंच बघतो. दाब झपकन बदलला तर जिना किंवा लिफ्ट, सावकाश बदलला तर हवामान.

चाकांवरची

मी व्हीलचेअर वापरते. मला "दोन मिनिटांचा रस्ता" दाखवतात आणि शेवटी तीन पायऱ्या निघतात. तीन म्हणजे माझ्यासाठी तीनशेच.

बर्डीचं, म्हणजे नागपुरातल्या सीताबर्डीचं, मेट्रो स्टेशन घ्या. नकाशावर एक ठिपका, पण खापरी–ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर–प्रजापती नगर या दोन लाइनींचे फलाट वेगवेगळ्या उंचीवर आहेत. तिथे लिफ्ट आहे, मी बिनधास्त जाते. पण गाडी बदलायला तुम्हाला लागणारा वेळ आणि मला लागणारा वेळ एक कसा असेल? जिना काढणाऱ्यांना एक विनंती : लिफ्टला फक्त अंतर लावू नका, थांबायचा वेळही लावा. भेटीच्या वेळेत इस्पितळाच्या लिफ्टपाशी मी चार लिफ्टा सोडल्या आहेत. माणसं आत शिरतात आणि खुर्चीकडे बघून म्हणतात, "तुम्ही मागून या."

माजी लिफ्टमन

भाऊ, मी एका कॉम्प्लेक्समधी अठरा वर्षं लिफ्ट चालवली. बटनं पाच मजल्यांची, पण तिसऱ्यावर लिफ्ट थांबेच ना. मालकाचं न भाडेकरूचं कोर्टात चालू होतं. नवा माणूस आला की तिसरं बटन दाबून राहिला. मी म्हणो, चौथ्यावर उतरा न एक मजला पायी खाली जा. हे तुमच्या नकाशात कसं येईल?

धागाकर्ता

येईल की काका. लिफ्टच्या बिंदूवर ०;१;२;४;५ लिहायचं, ३ गाळायचा. मग रस्ता तुम्ही सांगायचे तसाच निघतो, चौथ्यावरून जिन्याने खाली.

पार्सलवाला

माझं छोटंसंच आहे. खाली पार्किंग असलेल्या बिल्डिंगीत लिफ्टमध्ये पी, १, २, ३. गिऱ्हाईक फोनवर म्हणते "दुसरा माळा", ती पार्किंगला पहिला धरते. तिचा शेजारी धरत नाही. मी आता मजला विचारतच नाही, "लिफ्टमधलं कोणतं बटन दाबू?" एवढंच विचारतो.