सोसायटीचा विमा असताना घराचा वेगळा काढायचा का?

मालाडकर: मंडळी, वन बीएचके आहे, लोन चालू आहे. बँकवाला म्हणतो इन्शुरन्स काढा, सेक्रेटरी म्हणतात बिल्डिंगचा आहे की, परत कशाला? फ्लॅटची किंमत दीड कोटी, तेवढ्याचा काढू?

चाळीतला: दीड कोटीचा अजिबात नको रे, यात जमिनीची किंमत धरतच नाहीत, फक्त बांधकामाचा खर्च, म्हणजे कार्पेट एरिया गुणिले बांधणीचा दर. 'भारत गृह रक्षा' ही घराच्या विम्याची पॉलिसी बघ, एप्रिल २०२१ पासून आहे, आग भूकंप पूर वादळ दंगल सगळं येतं आणि घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं कव्हर आपोआप मिळतं. दागिने मात्र वेगळे सांगून पॉलिसीत घालायचे.

गच्चीवरची: नुसती घरफोडी त्यात येत नाही हां. आग-पुरासारखं काही झाल्यावर ७ दिवसांत चोरी झाली तरच, बाकी घरफोडीचं कव्हर वेगळं घ्या. टाकी किंवा पाइप फुटून पाणी आलं तर क्लेम होतो, पण वरच्यांच्या बाथरूममधून वर्षानुवर्षं झिरपून पोपडे निघतायत, त्याला कोणी पैसे देत नाही (आणि मुंबईत भांडणं तर त्याचीच!).

मालाडकर: मग सोसायटीच्या पॉलिसीचं काय?

चाळीतला: कॉपी मागून वाच. बहुतेक वेळा इमारतच असते, तुझा टीव्ही, फ्रीज, कपाटं नसतात. आणि बँकवाला नक्की कुठला विमा विकतोय तेही विचार, बऱ्याचदा लोनच्या नावाखाली तुझ्या जिवाचा असतो, घराचा नाही.