मदत हवी आहे: वाहनातील गॅमा शोधक पुलावर आणि पावसात खोटे इशारे देतो

नमस्कार. हरवलेले किंवा मुद्दाम दडवलेले किरणोत्सर्गी स्रोत रस्त्याने जाता जाता हेरता यावेत, यासाठी वाहनात बसवता येईल अशी यंत्रणा आम्ही तिघे तयार करत आहोत. गॅमा किरण पडले की चमकणारा सोडियम आयोडाइडचा सुमारे दोन लिटरचा स्फटिक, दर सेकंदाला नोंदवला जाणारा गॅमा वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले याचा आलेख) आणि सोबत जीपीएस, एवढाच पसारा आहे. यंत्रसामग्रीबद्दल तक्रार नाही; घोडे अडले आहे ते इशारा केव्हा द्यायचा हे ठरवणाऱ्या प्रणालीपाशी.

आमची सध्याची रीत साधी आहे. मागच्या ३० सेकंदांची सरासरी ही पार्श्वभूमी (स्रोत नसतानाही सभोवतालातून येणारे किरण) मानायची आणि चालू सेकंदातील नोंदी, म्हणजे टिपलेल्या किरणांची संख्या, तिच्यापेक्षा पाच प्रमाण विचलनांनी (योगायोगाने होणाऱ्या चढउताराच्या मापाच्या पाच पटींनी) वर गेल्या, की इशारा द्यायचा. पार्श्वभूमी सेकंदाला साधारण २,००० नोंदींची असल्यामुळे प्रमाण विचलन ४५ च्या आसपास येते, म्हणजे उंबरठा सुमारे २२५ जादा नोंदींचा. कागदावरच्या हिशेबाने असा इशारा निव्वळ योगायोगाने सुमारे ३५ लाख सेकंदांत, म्हणजे चाळीसेक दिवसांत एकदा वाजायला हवा; प्रत्यक्षात तो तासाला चार-पाच वेळा वाजतो.

याची दोन कारणे हाती लागली आहेत. नदीवरच्या लांब पुलावर खाली पाणीच असल्याने जमिनीतून येणारे पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम मालिकांचे किरण घटतात, सरासरी खाली येते आणि पूल संपून वाहन पुन्हा जमिनीवर आले, की यंत्राला नेहमीची पार्श्वभूमीच संशयास्पद वाटू लागते. ग्रॅनाइटच्या इमारतीशेजारी पार्श्वभूमीच अचानक वाढते आणि तिथेही असाच खोटा इशारा मिळतो.

पावसाचे दुखणे अधिक चिवट आहे. हवेतील रेडॉनपासून झालेली शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ ही द्रव्ये पावसाबरोबर रस्त्यावर उतरतात आणि त्यांचे अर्धायुष्य अनुक्रमे सुमारे २७ व २० मिनिटांचे असल्याने पाऊस थांबल्यावरही काही काळ त्रास देतात. बिस्मथची ६०९ केईव्हीची (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, हे ऊर्जेचे एकक) रेषा, म्हणजे त्याच्या किरणांची ठरावीक ऊर्जा, आणि आम्हाला हव्या असलेल्या सिझियम-१३७ ची ६६२ केईव्हीची रेषा यांत अंतर आहे ५३ केईव्हीचे, तर आमच्या स्फटिकाची विभेदनक्षमता (वर्णपटात एका रेषेचे शिखर किती रुंद पसरते ते) तिथे सात टक्के, म्हणजे ४६ केईव्ही. त्यात तापमानामुळे प्रवर्धन (संकेत किती पटींनी वाढवला जातो ते, ज्यावर ऊर्जेची मोजपट्टी ठरते) दोन-तीन टक्के जरी सरकले, तरी बिस्मथचे शिखर सिझियमच्या खिडकीत, म्हणजे त्याच्यासाठी राखलेल्या ऊर्जेच्या पट्ट्यात, शिरते. पोटॅशियम-४० च्या १,४६१ केईव्हीच्या रेषेवरून आम्ही दर पाच मिनिटांनी प्रवर्धन सुधारतो, पण वाहन उन्हातून बोगद्यात शिरले की तेवढ्या वेळात ते भरकटते.

जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात हरवलेली सिझियम-१३७ ची ८ मिलिमीटर उंचीची कुपी १ फेब्रुवारीला ताशी ७० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनातील शोधकाने हेरली, हे उदाहरण आम्हाला वारंवार ऐकवले जाते. मात्र तिथे स्रोत बलवान व आवरणाविना उघडा पडलेला होता आणि रस्ताही निर्जन भागातला होता. आमची कसोटी दुबळा संकेत आणि सतत बदलणारी पार्श्वभूमी ही आहे.

उंबरठा वाढवावा, तर हे दुबळे संकेतच हातचे जातील. सरासरीचा किंवा मोजणीचा काळ वाढवूनही भागत नाही, कारण स्रोत रस्त्यापासून १० मीटरवर असेल आणि वाहन ताशी ३६ किलोमीटरने जात असेल, तर संकेत जेमतेम दोन सेकंद ठळक राहतो. त्याहून लांब मोजणीत भर पडते ती मुख्यतः पार्श्वभूमीचीच.

जाणकारांना विचारायचे ते असे. एकूण नोंदी सोडून ऊर्जेच्या खिडक्यांमधील गुणोत्तरांवर जावे, की पार्श्वभूमीचे वर्णपट जमवून त्यांचे मोजके मूळ घटक वेगळे काढावेत आणि दर सेकंदाचा वर्णपट त्यांच्या मिश्रणात बसतो का ते पाहावे? दुसरा मार्ग मला अधिक पटतो, कारण त्यात पाऊस हा एक स्वतंत्र घटक म्हणून मांडता येईल. परंतु सेकंदाला दोन हजार नोंदी शेकडो ऊर्जाकप्प्यांत विखुरल्या की पुष्कळशा कप्प्यांत दोन-तीनच उरतात आणि तिथे नेहमीची किमान वर्ग पद्धत (फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी करणारी जुळणी) फसवते. अशा तुटपुंज्या नोंदींवर पॉइसाँ वितरण (मोजक्या यादृच्छिक घटनांच्या संख्येला लागू पडणारा संभाव्यतेचा नियम) धरून हे गणित कोणी चालत्या वाहनात केले आहे का? केले असल्यास किती घटक पुरले आणि पावसाळी दिवसांच्या नोंदी प्रशिक्षणात वेगळ्या ठेवल्या की कोरड्या दिवसांतच मिसळल्या, हे कृपया सांगावे.