मदत हवी आहे : माजी सैनिक वडिलांसाठी कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स (सतत मदतनीस लागणाऱ्यांसाठीचा भत्ता)

नमस्कार. माझे वडील लष्करात हवालदार होते. सेवेत असताना गाडीच्या अपघातात त्यांच्या कण्याला इजा झाली आणि १९९८ साली ते वैद्यकीय कारणावरून घरी आले. मेडिकल बोर्डाने तेव्हा ८० टक्के अपंगत्व लिहिले होते. ब्रॉड बँडिंगमध्ये, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी ठरावीक टप्प्यांच्या वरच्या आकड्याला धरण्याच्या पद्धतीत, ७६ टक्के व त्यापुढचे अपंगत्व १०० टक्के धरतात, त्यामुळे पेन्शनमधला अपंगत्वाचा हिस्सा त्यांना पूर्ण मिळतो. त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

तेव्हा ते कुबड्या घेऊन चालत आणि स्वतःचे स्वतः आवरत. आता मात्र ते पूर्णपणे अंथरुणाला खिळले आहेत. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडापाशी जखम होते, आणि कॅथेटरची पिशवी रिकामी करण्यापासून भरवण्यापर्यंत सगळे दुसऱ्यानेच करावे लागते. दिवसा रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेला मुलगा असतो, रात्री आई आणि मी.

माझ्या माहितीप्रमाणे १०० टक्के अपंगत्व असून रोजच्या व्यवहारांसाठी सर्वस्वी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या अपंगत्व-पेन्शनधारकाला मेडिकल बोर्डाच्या शिफारशीवरून हा भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, तो महिना ४५०० वरून ६७५० रुपये झाला. मुंबईतल्या ब्युरोच्या दरापुढे भत्त्याची रक्कम किरकोळ आहे, पण हक्काची असेल तर सोडायची कशाला?

एका कार्यालयात चौकशी केली तेव्हा एका टेबलावर सांगितले की भत्ता लागू असता तर पेन्शनबरोबरच सुरू झाला असता. शेजारच्या टेबलावर सांगितले की ब्रॉड बँडिंगचे १०० टक्के इथे चालत नाहीत, बोर्डानेच प्रत्यक्ष १०० टक्के लिहायला हवेत. लेखी द्यायला मात्र दोघेही तयार नाहीत.

दुसरे म्हणणे बरोबर असेल, तर अपंगत्व वाढल्याच्या कारणावरून नव्याने बोर्ड मागण्याचा अर्ज सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे करायचा की संरक्षण पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवरून? बोर्ड कुलाब्याच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात बसल्यास त्यांना भांडुपहून तिथवर नेणे जिकिरीचे आहे. अशा रुग्णाची तपासणी घरी येऊन झाल्याचा कोणाचा अनुभव आहे का? आणि भत्ता अर्जाच्या तारखेपासून धरतात की बोर्डाच्या?

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि जुन्या बोर्डाच्या कागदांची प्रत आमच्याकडे आहे. खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्राचा (कण्याच्या इजेने अपंग झालेल्या सैनिकांच्या निवासी केंद्राचा) पर्याय अनेकांनी सुचवला, परंतु वडील घर सोडायला तयार नाहीत, तेव्हा कृपया तो विषय इथे नको.