मदत हवी आहे : कर धुरावर हवा, फिरण्यावर नको, पण मोजायचे कसे?

नमस्कार,

खासगी मोटारींचे प्रदूषण सरकारने जरूर कमी करावे, पण कोणी, केव्हा आणि कुठे जावे हे सरकारने ठरवू नये, या भूमिकेतून एका अभ्यासगटासाठी मी टिपण लिहीत आहे. बराचसा भाग लिहून झाला आहे. मात्र मोजमापाच्या प्रश्नावर गाडे अडले आहे आणि तेथे वाहन-अभियांत्रिकी किंवा करप्रशासन जाणणाऱ्यांची मदत हवी आहे.

सरसकट बंदीचा मार्ग मी आधीच बाजूला ठेवला. मेक्सिको सिटीत १९८९ मध्ये नंबरप्लेटच्या शेवटच्या अंकानुसार आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवण्याचा नियम आला, तेव्हा ज्यांना परवडले त्यांनी वेगळ्या अंकाची दुसरी, पुष्कळदा जुनी आणि अधिक धूर ओकणारी गाडी घेतली. शिवाय महिन्यातून दोनदा गाडी बाहेर काढणारा आणि रोज शंभर किलोमीटर हाकणारा यांना असा नियम एकाच मापाने मोजतो. रात्रपाळी संपवून पहाटे परतणाऱ्या परिचारिकेला त्या वेळी दुसरे वाहनच मिळत नाही, हे तर त्याच्या गावीही नसते.

त्यामुळे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेल्या विचाराकडे मी वळलो : आपल्यामुळे दुसऱ्याला सोसावा लागणारा खर्च करातून आपल्याच खिशाला जाणवू द्यावा आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोडावा. स्टॉकहोममध्ये २००६ च्या जानेवारी ते जुलै या काळात शहराच्या वेशीवर शुल्क लावून पाहिले गेले, वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली, सप्टेंबरमध्ये शहरातील मतदारांनी कौल दिला आणि २००७ पासून शुल्क कायम झाले. हे शुल्क मुख्यतः गर्दीवरचे आहे, धुरावरचे नव्हे, याची मला जाणीव आहे. पण आधी अनुभव आणि मग मतदान हा क्रम मला फार पटतो.

आता अडचण सांगतो. कर्बवायूपुरते इंधनकरासारखे सोपे माप नाही, कारण एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच, मग चालक कोणीही असो. पंपावर कोणी ‘कुठे निघालात?’ असेही विचारत नाही. पण फुप्फुसांना त्रास देणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि सूक्ष्म कण लिटरच्या हिशेबाने निघत नाहीत. सकाळी गार इंजिन सुरू करताना गाडीच्या मागे उभे राहिले, तर नळीतून पाण्याचे थेंब गळतात आणि कच्च्या पेट्रोलचा वास नाकात जातो. दहा-पंधरा मिनिटे चालवून आणलेल्या त्याच गाडीमागे हा वास जवळजवळ येत नाही, कारण धुरातील घातक वायू कमी करणारे उत्प्रेरक यंत्र काही शे अंश तापल्याशिवाय नीट कामच करत नाही. म्हणजे कोपऱ्यापर्यंतची छोटी फेरी किलोमीटरमागे सर्वांत घाण, आणि इंधनकर मात्र तिच्यावर नाममात्र. विजेवरील गाडीला तर हा कर लागतच नाही, टायरची धूळ मात्र तीही उडवते.

किलोमीटरवर कर लावण्याची उदाहरणे आहेत. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाडीचा मालक हजार-हजार किलोमीटरचे परवाने आगाऊ विकत घेतो आणि आइसलँडने २०२४ पासून विजेवरील गाड्यांना किलोमीटरमागे आकार लावला आहे. दोन्हीकडे गाडीतल्या अंतरमापकाचा आकडा पुरतो, प्रवासाचा माग ठेवावा लागत नाही. मात्र मोकळ्या माळावरचा किलोमीटर आणि शाळेच्या फाटकासमोरचा किलोमीटर त्याला सारखाच. हा फरक करायचा तर उपग्रहाद्वारे गाडीचे ठिकाण नोंदवावे लागेल आणि मग जे स्वातंत्र्य पुढच्या दाराने राखले, ते मागच्या दाराने निघून जाईल. लंडनने एप्रिल २०१९ पासून जुन्या मापदंडांच्या गाड्यांना ठरावीक क्षेत्रात दिवसाला साडेबारा पौंड आकारले, पण तिथे एक किलोमीटर फिरा की शंभर, आकार तोच.

म्हणून माझा कच्चा प्रस्ताव असा : कर्बवायूसाठी इंधनकर, आणि त्यावर वार्षिक तपासणीत अंतरमापकाचा आकडा पाहून, गाडीच्या उत्सर्जन-श्रेणीनुसार ठरलेल्या दराने दुसरा कर. जमा रक्कम माणशी सारखी परत द्यावी. जुन्या गाड्यांना गरिबांच्या नावाने सूट देणे मला चुकीचे वाटते, कारण त्यात नेमक्या सर्वांत घाणेरड्या गाड्या सुटतात. रोख परतावा हाती आला, तर गरजूला मदतही होते आणि कमी फिरण्यातला फायदाही टिकतो.

यात मला जाणकारांकडून हवे आहे ते असे. अंतरमापकाशी होणारी छेडछाड वार्षिक तपासणीत खात्रीने पकडता येते का? २०१५ मधील डिझेल प्रकरणानंतर (चाचणीपुरताच धूर कमी करणारे सॉफ्टवेअर फोक्सवॅगनने गाड्यांत बसवल्याचे तेव्हा उघड झाले) कागदावरच्या श्रेणीवर दर ठरवणे कितपत योग्य, की धावत्या गाडीचा धूर रस्त्याकडेच्या उपकरणांनी मोजून श्रेणी तपासावी? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाडीतच हिशेब करून बाहेर फक्त एकूण रक्कम कळवणारे, ठिकाणांची नोंद पुसून टाकणारे यंत्र व्यवहारात शक्य आहे का? करविभागात काम केलेल्या कोणी, असा हिशेब वादात सापडल्यास पुरावा म्हणून काय उरेल, हेही सांगितले तर टिपणातला तो परिच्छेद मला नव्याने लिहिता येईल.