दोरीला हात सगळ्यांचा, जोर किती जणांचा?

गावच्या श्रमदानात निम्मी माणसं नुसती उभी राहतात, म्हणून कडक पुढारी हवा, असं म्हटलं जातं. निरीक्षण खरं आहे, उपाय मात्र मला पटत नाही.

फ्रेंच कृषी अभियंते रिंगेलमान यांनी १९१३ साली दोरी ओढण्याचे निष्कर्ष छापले. आठ जण एकत्र ओढू लागले की माणशी जोर जवळजवळ निम्म्यावर आला. ताळमेळ नसतो हे एक कारण. पण १९७४ मध्ये डोळे बांधून केलेल्या प्रयोगात माणूस एकटाच ओढत होता, मागे आणखी लोक आहेत एवढंच त्याला वाटत होतं, तरी जोर कमी पडला! पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बिब लाताने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गटाने ओरडण्याचे प्रयोग केले. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार हे कळल्यावर ही ढिलाई जवळपास गेली.

आमच्या कोरेगाव तालुक्यात (श्रमदानाने पाणी अडवण्याची गावागावांतली स्पर्धा, म्हणजे वॉटर कप, २०१६ साली इथल्याच वेळू गावाने जिंकली) मी हेच पाहिलंय. नुसतं ‘चला, खणा’ म्हटलं की टिकाव ठरावीक चौघांच्याच हातात. मग फक्कीने पाणी अडवायचे चर आखले, प्रत्येक जोडीला आपापला तुकडा दिला आणि उन्हं चढायच्या आत टेप लावून मोजणी सुरू केली. बांधावर बसणारी पोरंही कडा तासून सरळ करायला लागली. सरपंचताई कुणावर ओरडल्या नाहीत, त्या स्वतः पाट्या उचलत होत्या. तुमच्याकडे कामाची अशी वाटणी करून पाहिली आहे का?