स्कोलिओसिसच्या शस्त्रक्रियेनंतर हिरव्या उलट्या

प्रश्न (मुलीची आई, ऐरोली)
माझ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या पाठीच्या कण्याचा बाक परळच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेने सरळ केला; सध्या दुसरा आठवडा चालू आहे. पोट साफ होऊ लागल्यावर आम्हाला घरी सोडले. परवापासून मात्र चार घास खाल्ले की तिचे पोट वरच्या बाजूला तट्ट होते आणि हिरवट उलटी होते. डाव्या कुशीवर झोपल्यावर थोडा आराम पडतो. ती मुळातच उंच आणि किडकिडीत, त्यात वजनही उतरले आहे. जवळच्या दवाखान्यात गोळ्यांमुळे पित्त झाल्याचे सांगितले. वाट पाहावी का?

उत्तर (परिचारिका, ठाणे)
ताई, कृपया वाट पाहू नका. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला आतडी मंदावतात, हे नेहमीचेच आहे; परंतु एकदा सुरळीत झालेले पोट पुन्हा अडून हिरवी उलटी होत असेल, तर सुपीरिअर मेसेंटेरिक आर्टरी सिंड्रोमची शंका घ्यावीच लागते. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग महाधमनी आणि तिच्यातून आतड्याकडे निघणारी रोहिणी यांच्या बेचक्यातून जातो. कणा सरळ होऊन धड लांबले की ही बेचकी अरुंद होते, आणि वजन उतरलेल्या मुलांत तेथे गादीसारखी असणारी चरबीही उरत नाही. एरवी साधारण ३८ ते ६५ अंशांचा असलेला हा कोन अशा रुग्णांत बहुधा २५ अंशांच्या खाली जातो. पूर्वी धडाला प्लास्टर घातलेल्या रुग्णांत हाच त्रास दिसे, म्हणून त्याला कास्ट सिंड्रोम असेही म्हणतात. सततच्या उलट्यांनी शरीरातील पाणी आणि पोटॅशियम कमी होते, ही खरी धास्ती आहे. परळला पोहोचायला वेळ लागणार असेल तर कागदपत्रे घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा आणि शल्यविशारदांना तेथूनच फोन करा.

उत्तर (मुलाचे वडील, खारघर)
आमच्या मुलाला हेच झाले होते. सीटी स्कॅनने निदान झाल्यावर नाकातून नळी घालून जठर रिकामे केले, सलाईन लावले आणि नंतर अडथळ्याच्या पुढे पोहोचणाऱ्या बारीक नळीतून पातळ आहार दिला. वजन भरू लागले तसे त्याला तोंडाने खाता आले. कण्यातल्या सळ्या काढाव्या लागतील या भीतीने आम्ही खचलो होतो, पण तशी वेळ आली नाही. एवढ्याने भागले नाही तरच आतड्याची शस्त्रक्रिया करतात, असे आम्हाला सांगण्यात आले.

मुलीची आई
वाशीला दाखल केले आहे. नळीतून बरेच हिरवे पाणी निघाले आणि पोट उतरले. सीटी स्कॅन उद्या सकाळी होईल. दोघांचीही मी मनापासून ऋणी आहे.